पुढचा शर्ट न घेण्याची कृती: निवड, धुणं, दुरुस्ती आणि शेवटी दुपटं

कपाट उपसून चार गाठोडी कपडे दाराबाहेर काढले की घर मोकळं वाटतं. पण त्याने पाणी, तेल, जमीन यातलं काही वाचत नाही. कपड्याने करायचं ते बहुतेक नुकसान तो दुकानात टांगला जाण्याआधीच करून ठेवलेलं असतं. एका सुती टी-शर्टामागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, हा अंदाज जगभर वापरला जातो आणि त्यातलं बहुतेक पाणी कापसाच्या शेतात जातं. विदर्भातला कापूस मुख्यतः पावसावरचा, तिथे पाण्यापेक्षा फवारणीचं दुखणं मोठं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मग रंगाई. आपल्याकडे मिळणारे कितीतरी टी-शर्ट तमिळनाडूतल्या तिरुपूरचे. तिथल्या रंगशाळांचं सांडपाणी नोय्यल नदीत इतकी वर्षं जात राहिलं, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला त्या बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. पॉलिस्टरला कापूस लागत नाही, खनिज तेल लागतं. आणि ते कुजत नाही.

म्हणून बचत एकाच ठिकाणी होते: असलेला कपडा दुप्पट दिवस चालला आणि त्याच्या जागी दुसरा शिवलाच गेला नाही, तर.

किती लागतात, ते जुलैत मोजा

कपडे बाहेर काढाच, पण टाकण्यासाठी नव्हे. तीन ढीग करा: नेहमी वापरातले, काहीतरी मोडल्यामुळे पडून असलेले आणि मापात न बसणारे. दुसरा ढीग बघून आश्चर्य वाटतं. बटण गेलेला शर्ट, चेन बिघडलेली पँट, इलॅस्टिक सैल झालेला पायजमा, उसवलेली कुर्ती. हा ढीग थेट शिंप्याकडे किंवा सुई-दोऱ्याच्या डब्याजवळ न्या. यंदाची खरेदी तीच. तिसऱ्या ढिगातल्या कपड्यांची बाजूची शिवण उलटून बघा. आत दोन-तीन सेंटिमीटर माया (शिवणीच्या आत राखलेलं जास्तीचं कापड) असेल तर ते उसवून सैल करता येतात. माया नसेल तर ते ज्याच्या मापात बसतील त्याला द्या, पुढच्या वर्षी बारीक होऊ या आशेवर ठेवू नका.

रोजच्या कपड्यांचा आकडा आवडीवर नाही, वाळण्यावर ठरतो. धुणं दर दोन दिवसांनी, वाळायला दोन दिवस आणि अंगावर एक, म्हणजे पाच जोड. एखादा जास्तीचा धरून सहा. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये वाळायला तीन दिवस धरावे लागतात, तेव्हा सात. उन्हाळ्याचा हिशेब केला तर तीन-चारातच भागेल असं वाटतं आणि पहिल्या झडीला माणूस घाईने दुकानात जातो. त्यामुळे हिशेब पावसाळ्याचाच ठेवा.

सणासमारंभाच्या कपड्यांचा हिशेब वेगळा. किंमत भागिले किती वेळा घातला, एवढं गणित पुरेसं आहे. १,५०० रुपयांचा सुती शर्ट शंभर वेळा अंगावर आला तर एका वेळेला १५ रुपये. ४,००० रुपयांचा लग्नातला घागरा दोनदा, तर २,०००. अशा कपड्यांची जावा-नणंदांत, बहिणींत देवघेव करणं सोपं आहे, कारण साडीला माप नसतं. अडतं फक्त ब्लाऊजवर. काळा, सोनेरी आणि लाल असे तीन साधे ब्लाऊज प्रत्येकीकडे असले की निम्म्या साड्या घरातल्या घरात फिरतात.

घ्यावाच लागला तर

दुकानात कपडा उजेडासमोर धरा. पलीकडचा हात स्पष्ट दिसत असेल तर तो शर्ट वर्षभरही टिकणार नाही (मलमल वगैरे मुळातच विरळ कापडं सोडून). मग कपडा उलटा करा. शिवणीजवळ कापड दोन्ही हातांनी हलकं ताणा. टाक्यांमधून फट दिसली तर शिवण सैल आहे. चांगल्या शर्टाला इंचात दहा-बारा टाके असतात, सहा-सात असतील तर शिवण लवकर उसवणार. टी-शर्टाची बाजूची शिवण काखेपासून खाली सरळ उतरते का बघा. ती पोटाकडे वळत असेल तर कापड तिरकं कापलंय, धुतल्यावर आणखी पिळेल. टी-शर्टाच्या जाडीचा आकडा जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनात, लिहिलेला असतो. रोजच्या वापराला १८० च्या आसपास बरा, १४० चा लवकर पोकळ होतो.

'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्याची शंका असेल तर घरी मायेतला एक धागा काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा, राख मऊ आणि करडी. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, काळा धूर येतो आणि टोकाला कडक मणी उरतो. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखी वास मारतात, त्यांचा मणी बोटांनी चुरडला जातो. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर कापड मिश्र आहे. असं कापड टिकाऊ असू शकतं, पण शेवटी त्याचं काहीच होत नाही, कारण सूत आणि पॉलिस्टर वेगळं करणं फार अवघड. कपड्यांचा नवा कपडा होतो ही जाहिरातबाजी ऐकताना एवढं ध्यानात ठेवा: जगात कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी पुन्हा कपड्यात येतो.

कपडा अंगावर कमी, बादलीत जास्त झिजतो

जीन्स एकदा घालून धुवायची गरज नसते. चार-पाच वेळा चालते, मधल्या काळात ती कपाटात न कोंबता वाऱ्यावर टांगा. मुंबईच्या दमट हवेत शर्टाला ही सवलत नाही. तिथे आत बनियन घाला म्हणजे घाम त्यात मुरतो आणि शर्टाची काख, पाठ वाचते.

धुताना कपडा उलटा करा, चेन आणि हुक लावून घ्या. उघडी चेन शेजारच्या कपड्याला करवतीसारखी कापते. गरम पाणी फक्त चादरी, टॉवेल, आतले कपडे यांना. कॉलरवर ब्रश घासू नका. साबण लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग बोटांनी चोळा. कॉलर मळाने फाटत नाही, ब्रशाने फाटते. मळक्या पांढऱ्या कपड्यांवर क्लोरीनचं ब्लीच ओतायची सवय असेल तर तीही सोडा. सूत कमजोर होतं आणि लायक्रा (ताणला जाणारा कृत्रिम धागा) असलेलं कापड उलट पिवळं पडतं.

पावडर पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्मी घालून बघा, रोजच्या धुण्याला बहुधा पुरते. जास्त झालेली पावडर खळबळून निघत नाही, कापडात बसते, कपडे कडक होतात आणि मळ आणखी धरतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाच्या वडीचा साका होऊन कपडे करडे पडतात. तिथे वडीऐवजी डिटर्जंट वापरा किंवा बादलीत एक लहान चमचा धुण्याचा सोडा टाका. रेशीम आणि लोकरीला सोडा लावायचा नाही.

पॉलिस्टर, फ्लीस, जिमचे कपडे दर धुण्याला बारीक तंतू सोडतात, ते गटारातून नदीत आणि पुढे समुद्रात जातात. हे पूर्ण थांबत नाही, कमी होतं: गार पाणी, छोटं आवर्तन आणि मशीन बऱ्यापैकी भरलेलं. अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये कपडे जास्त घासले जातात.

रंगीत कपडे सावलीत, उलटे वाळवा. पावसाळ्यात अर्धवट ओले कपडे घडी करून ठेवले की भुरी येते आणि तिचे काळे ठिपके जात नाहीत. खळ दिलेले कपडे दीर्घकाळ ठेवू नका, कसर आधी खळीला येते. जरीची साडी जुन्या सुती कापडात गुंडाळा, दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटते. डांबरगोळ्या जरीला चिकटू देऊ नका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच ठेवू नयेत, काही बाळांना त्या वाफेने रक्ताचा गंभीर त्रास होतो.

दुरुस्ती: भोक पडायच्या आधी

जीन्स मांड्यांमध्ये घासून जाते हे सगळ्यांना माहीत असतं, पण शिंप्याकडे ती फाटल्यावरच जाते. तोवर उशीर झालेला असतो. उजेडासमोर धरल्यावर निळे उभे धागे झिजून आडवे पांढरे धागे दिसायला लागले की वेळ झाली.

ठिगळासाठी टाकाऊ जीन्सचा गुडघ्याखालचा भाग घ्या, तो सर्वांत कमी झिजलेला असतो. कापड आधी धुतलेलं हवं, नाहीतर शिवल्यावर आटून सुरकुती धरेल. विरलेल्या भागाच्या चारही बाजूंना किमान ३ सेंटिमीटर पुढे जाईल एवढा तुकडा कापा आणि कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण येतो आणि तिथूनच पुन्हा फाटतं. ठिगळाचे उभे धागे पँटच्या उभ्या धाग्यांशी जुळवा. आतल्या बाजूने टाचण्या लावा, कच्चा टाका घाला, मग मशीनवर ४-५ मिलिमीटर अंतराने मागे-पुढे टिपा मारत जा. विरलेल्या भागावर टिपा दाट, कडेला विरळ. दोरा नेहमीचा घ्या. नायलॉनचा मजबूत दोरा कापडालाच कापतो.

ठिगळ लावूनही महिन्याभरात शेजारीच भोक पडलं, तर ठिगळ लहान होतं आणि शिवण कमजोर कापडावर पडली. ठिगळ पँटहून जाड असलं तरी हेच होतं. इस्त्रीने चिकटणारी ठिगळं मांडीला टोचतात आणि काही धुण्यांत कडेने सुटतात. तिथे ती वापरू नका.

चेनचं दुखणं बहुतेकदा रनरमध्ये, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या भागात असतं, दातांमध्ये नाही. रनर वर नेला तरी मागून चेन उघडते, कारण रनरचं तोंड रुंद झालेलं असतं. तो खाली आणा आणि मागच्या टोकाला डावी-उजवी कड पक्कडीने अगदी हलकी दाबा. चालवून बघा, पुन्हा दाबा. एकदम जोर लावला तर रनर तडकतो. अडकत चालणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासा. रनर गेलाच असेल तर शिंपी पूर्ण चेन बदलू म्हणेल. फक्त रनर मागा. त्याच्या पाठीवर बहुधा ३ किंवा ५ असा आकडा कोरलेला असतो, त्याच मापाचा नवा बसतो.

शर्टाची कॉलर उलटणं ही एके काळी घरोघरी चालणारी गोष्ट. कॉलर घडीवर झिजते, खालची बाजू मात्र कोरी राहते. कॉलरपट्टीच्या टिपेवर कॉलर उसवायची, पालटायची आणि त्याच पट्टीत परत शिवायची. अर्ध्या तासाचं काम आहे. कॉलरला टोकाची बटणं असतील किंवा खालचं कापड वेगळ्या रंगाचं असेल तर जमत नाही. कड पूर्ण फाटण्याआधी करा, झिजलेली बाजू आता खाली जाणार असली तरी ताण तीच घेणार आहे.

टी-शर्टाच्या पोटावर बारीक भोकं पडतात त्याला कसर जबाबदार नाही. ओट्याची कड आणि जीन्सचं बटण यांच्यात कापड चिरडलं जातं. स्वयंपाक करताना ॲप्रन बांधा. पडलेलं भोक लगेच बंद करा, कारण टी-शर्टासारख्या फासांनी विणलेल्या कापडात एक फास सुटला की खालचे सुटत जातात. बारीक सुईने कडेचे सगळे फास एकेक करून धरा आणि दोरा फक्त जवळ येईपर्यंत ओढा. आवळला की सुरकुती येते. लोकर आणि रेशमाचं रफू मात्र रफूगाराकडेच द्या.

द्यायचे कपडे

ज्याला बटण आहे, चेन चालते आणि तो धुतलेला आहे, तोच कपडा द्यायचा. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या निरुपयोगी कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. कोणत्याही आपत्तीत तोच प्रकार होतो. आधी विचारा, मग जोड्या बांधून, वर माप लिहून पाठवा.

भांड्याच्या बदल्यात कपडे नेणारी बोहारीण दारावर येत असेल तर तिला कमी लेखू नका. तिच्याकडचा कपडा धुऊन, टाके घालून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकला जातो आणि कुणाच्या तरी अंगावर जातो. फाटक्या कपड्याला ती भांडं देत नाही. व्यवहार चोख आहे. लोकरीचे कपडे पिंजून त्यांचं सूत करण्याचा धंदा पानिपतला आहे, स्वस्त कांबळी त्याचीच होतात. मिश्र पॉलिस्टरला असा कुठलाच चांगला शेवट नाही. पाणी शोषत नाही म्हणून फडकंही होत नाही. फार तर बाजाराची पिशवी, बॅगेचं आवरण किंवा टोमॅटोची रोपं बांधायच्या पट्ट्या.

जुन्या सुती साडीचं दुपटं

गोधडीची हिंमत होण्याआधी बाळाचं दुपटं करून बघा. एका साडीत पूर्ण होतं. साडी साधारण साडेपाच मीटर लांब. तिचे ११० सेंटिमीटरचे पाच तुकडे, म्हणजे पाच थर. काठ आधी कापून काढा, त्यात जरी असेल तर नक्कीच. बाळाच्या कातडीला जरी ओरबाडते. काठ गेल्यावर रुंदी मीटरभर उरते. एवढं माप पुरतं.

साडी शुद्ध सुती हवी आणि बरीच धुतलेली. नव्या-जुन्या कापडाचे थर मिसळले तर नवा आटतो आणि दुपटं गोळा होतं. एक थर पॉलिस्टरचा घातला तर तो आतून सरकतो आणि हवा अडवतो. फॉल काढा, साडी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. मग जागोजागी दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. सहज फाटणारा भाग दुपट्यात नको, त्याची फडकी करा. सर्वांत धड दोन तुकडे वर आणि खाली, बाकीचे तीन मध्ये. मधले तीन चारही बाजूंनी २ सेंटिमीटर कमी कापा, म्हणजे वर-खालच्या कडा आत दुमडताना जाड होत नाहीत.

खालचा तुकडा फरशीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर डबे ठेवा. एकेक थर हाताने मधून कडेकडे सपाट करत रचा. आता कच्चे टाके, ५-६ सेंटिमीटर लांबीचे, आधी मधोमध उभे-आडवे, मग वीस-वीस सेंटिमीटरवर. हे टाळून थेट शिवायला बसणाऱ्याच्या दुपट्यात शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो आणि तो उसवल्याशिवाय जात नाही.

मग कडा दुमडून शिवा आणि कडेपासून आत, चौकोनात चौकोन, धावदोरा घालत या. ओळींमध्ये दोन बोटं, म्हणजे ३ सेंटिमीटर. टाका अर्धा सेंटिमीटर. दर काही टाक्यांनी उलटून बघा, सुई पाचही थरांतून गेली पाहिजे. जाड सुती दोरा सुमारे ४५ मीटर लागतो, गाठी आणि तुकडे धरून ६० ठेवा. सुईत एका वेळी हातभरच ओवा, लांब दोरा पिळतो आणि झिजतो. गाठ थरांच्या आत ढकला. लोंबता दोरा एकही ठेवू नका, तो बाळाच्या बोटाला गुंडाळून रक्त अडवू शकतो. रोज तासभर दिला तर दहा-बारा दिवसांत होतं.

मोठ्या गोधडीला चार साड्या घ्या. प्रत्येकीचे २ मीटर १० सेंटिमीटरचे दोन तुकडे काठांशेजारी जोडले की दोघांना पुरेल एवढा एक थर होतो. जोड प्रत्येक थरात दहा सेंटिमीटर इकडेतिकडे सरकवा, नाहीतर पाठीखाली कडक वरंबा येतो. सहाच्या वर थर घालू नका. सुई जात नाही, ओली गोधडी उचलवत नाही आणि छोट्या मशीनमध्ये फिरताना ती एका बाजूला बसून मशीन आदळतं.

दुपटं धुतल्यावर पिळू नका, दाबून पाणी काढा. दोरीवर एकेरी टाकून वाऱ्यात वाळवा, दोन दोऱ्यांवर पसरून टाकलं तर आणखी बरं. पावसाळ्यात मधले थर वरून कोरडे वाटले तरी ओले असतात. गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून वाळलेलं नाही. कापलेले काठ फेकू नका: दोन बोटं रुंद पट्टी दुमडून शिवली की पायजम्याची नाडी होते.